प्रति: आयटीआय झालं, आता अप्रेंटिसशिप की थेट दुकान?

खानापूरच्या ताईंनी विचारलंय की भाच्याचा वेल्डर ट्रेड झाला, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं एक फॅब्रिकेशनचं दुकान लगेच पगार देतंय, तर अप्रेंटिसशिपच्या स्टायपेंडवर वर्ष का घालवायचं?

ताई, घालवू द्या. माझं ठाम मत आहे. दुकानात पोरगा गेटं आणि ग्रिल जोडत बसेल, हात बसेल, पण कागद मिळणार नाही. अप्रेंटिस कायद्याखाली नोंदवलेली अप्रेंटिसशिप करून शेवटची परीक्षा पास झाला की राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलाय का, हे मात्र पहिल्या आठवड्यातच बघा.

वर कुणीतरी ‘एकदा सर्टिफिकेट मिळालं की झालं’ म्हटलंय, ते तसं नाही. प्रेशर व्हेसल (दाबाखालचा वायू-वाफ साठवणाऱ्या टाक्या), पाइपलाइनच्या कामाला कंपनी वेल्डिंगची वेगळी टेस्ट घेते, वेगवेगळ्या पोझिशनमध्ये. ३जी म्हणजे उभी प्लेट, ६जी म्हणजे ४५ अंशांत पक्का धरलेला पाइप. तो फिरवायचा नाही, आपणच भोवती वाकायचं. रूट रन, म्हणजे जोडाच्या तळाचा पहिला थर, नीट आत उतरला नाही तर बेंड टेस्टमध्ये वाकवताना तुकडा तिथंच उघडतो. आणि एएसएमई सेक्शन ९ (वेल्डरच्या पात्रतेचे अमेरिकन नियम) प्रमाणे ती वेल्डिंगची प्रोसेस ६ महिने केली नाही तर पात्रता संपते.

७०१८ रॉड (ओल चालत नाही असा वेल्डिंगचा रॉड) ओव्हनमधून काढून गरम असतानाच वापरायची सवयही चांगल्या कारखान्यातच लागते. ओल धरलेल्या रॉडनं जोडाला तडे जातात. पोराला मुलाखतीला पाठवाल तेव्हा तिथं रॉडचा ओव्हन आहे का, तेवढं बघून यायला सांगा.