छोट्या सुट्टीच्या डब्यात काय देता?

ऐरोलीची आई:
लेक दुसरीत. पावणेसातला तिची बस, मग मला ठाण्याची लोकल. सुट्टी जेमतेम दहा मिनिटांची. काल उपमा तसाच परत आला. म्हणे, "आई, त्याचा दगड झाला होता." शाळेत बिस्किटं चालत नाहीत. झटपट काहीतरी सुचवा!

नेरुळची आजी:
अगं, पोळीचा लाडू दे. रात्रीच्या दोन पोळ्या मिक्सरमधून फिरव, दोन चमचे चिरलेला गूळ, चमचाभर पातळ तूप, वेलची. वळले की झाले, गॅससुद्धा पेटवायला नको. पोळी वातड झाली असेल तरी चालते, उलट तशीच बरी.

कळव्याचा बाबा:
आमच्याकडे डबा माझ्याकडे. मूगडाळ रात्री भिजवतो, सकाळी आलं-जिरं घालून वाटतो, दोन धिरडी आणि गुंडाळी. गरम असताना झाकण लावू नका, वाफेचं पाणी सुटून लगदा होतो. पंख्याखाली दोन मिनिटं ठेवा. सोबत सॉस अजिबात नको. आमच्या दप्तराचं काय झालं ते विचारू नका.

ऐरोलीची आई:
आजी, आज लाडू दिला. डबा चाटूनपुसून! पण अर्धा मैत्रिणीने खाल्ला म्हणे. उद्या दोन जास्त वळते. धिरडी शनिवारी.