विषय: २० डिसेंबरला तिसरा सेफेर (तोराची गुंडाळी) कुठून आणायचा? (तातडीचं)

प्रेषक: सेक्रेटरी, दिमोना
शालोम, इस्राएलमधल्या मराठी ज्यू मंडळी, काल सोफेरचा (सेफेर लिहिणारा-दुरुस्त करणारा) फोन आला, मोठ्या सेफेरची बरीच अक्षरं उडालीत, हानुक्काच्या (आठ दिवसांचा दिव्यांचा सण) आत तो काही आपल्या हातात मिळत नाही. म्हणजे हेखालमध्ये (सेफेर ठेवायचं कपाट) उरले दोन. एरवी दोन पुष्कळ झाले, पण यंदा ३० किस्लेव (हिब्रू महिना) नेमका शब्बाथला (शनिवारी) आलाय, मिकेत्सची पराशा (तोरातला त्या आठवड्याचा भाग), रोश होदेश तेवेत (तेवेत महिन्याची सुरुवात) आणि हानुक्का सगळं एकाच सकाळी, तीन सेफेर काढावे लागतात. मुकादम (सिनागॉगचे प्रमुख) म्हणतात दोनात भागवू. मला नाही पटत. शनिवारी १३ तारखेला बिरकत होदेश (नवा महिना पुकारायची प्रार्थना) आहे, त्याच्या आत ठरवू या.

प्रेषक: मुकादम
दोनात भागतं, मी मनचं सांगत नाहीये. पहिल्यात सहा जण मिकेत्स वाचतील, दुसऱ्यात सातवा रोश होदेशचं, बमिदबार (तोराचं चौथं पुस्तक) अध्याय २८, मग तोच सेफेर मागे गुंडाळून अध्याय ७ वर न्यायचा, हानुक्काचं वाचन, सहाव्या दिवसाचं अर्पण, गाद वंशाच्या सरदाराचं, तेवढं वाचलं की झालं. पाच मिनिटांचं काम. गेली अकरा वर्षं हेखालची किल्ली माझ्याकडे आहे, दुसऱ्यांच्या दारात मागायला जाण्याची वेळ आलेली नाही.

प्रेषक: अश्दोदची मावशी
बिरकत होदेश म्हटलंय म्हणून लिहिते. तिकडे १३ ला हिब्रूनंतर मराठीतही म्हणणार का? आमची आई रेवदंड्याची, तिला हिब्रू वाचता यायचं नाही, पण राजपूरकरांनी गेल्या शतकाच्या आधीच तेफिल्ला (प्रार्थना) मराठीत आणून ठेवल्या होत्या त्यामुळे अर्थ सगळा पाठ. "ज्याने आमच्या पूर्वजांसाठी चमत्कार केले, मिसरातून सोडवलं, तो आम्हालाही सोडवो आणि लेकरांना त्यांच्या सीमेत परत आणो" इथे आली की तिचा आवाज बसायचा. मुलं आधी इकडे आली होती, ती अजून मुंबईत होती. मराठीत म्हणाच.

प्रेषक: लोद
एक शंका, रोश होदेश तेवेत एकच दिवस असतो ना? २०२३ ला बुधवारी, १३ डिसेंबरला एकच केला होता आपण.

प्रेषक: हजान (प्रार्थना चालवणारे)
लोदकर, तेव्हा किस्लेव २९ दिवसांचा होता म्हणून एक दिवस. यंदा ३० चा आहे म्हणून दोन, शब्बाथ आणि रविवार, आणि १३ ला पुकारताना दोन्ही दिवसांची नावं घ्यायची. मावशी, मराठीत म्हणू, मी स्वतः म्हणेन.
आता मुकादमसाहेब, गुंडाळायला पाच मिनिटं लागत नाहीत, थंडीत म्हातारी माणसं उभी असतात आणि त्या दिवशी हानुक्कामुळे पूर्ण हालेल (स्तुतीची स्तोत्रं), वर मुसाफ (जादा प्रार्थना). लोकांना ताटकळत ठेवू नये म्हणूनच तर वेगळे सेफेर काढतात. शेजारच्या मोरोक्कन मशिदीतून (म्हणजे सिनागॉगमधून, आपण त्याला मशीदच म्हणतो) आणू या, ते आनंदाने देतील. फक्त सेफेर एका वाचनापुरता हलवत नाहीत, निदान तीनदा वाचायचा असा रिवाज आहे.

प्रेषक: मुकादम
त्यांचा सेफेर कापडी झग्यातला, आडवा ठेवून वाचायचा. आपले लाकडी टिकमधले (पेटीतले), उभे. आपला टेबल त्या मापाचा नाही.

प्रेषक: बेर शेवा
टेबलावर जाड उशी आणि चादर घाला, आमच्याकडे लग्नाच्या शब्बाथला असंच केलं होतं, काही अडलं नाही.
माझी सून ट्युनिशियाच्या घरातली, तिच्याकडे रोश होदेश तेवेतला ईद अल-बनात, मुलींचा सण. बायका कामाला हात लावत नाहीत, लेकींना भेटी देतात, गोड करतात. शनिवारी रात्री सातवी मेणबत्ती लावून झाली की पोरींना जमवू का? सांजोऱ्या मी आणते.

प्रेषक: दिमोना (जुने सभासद)
आणि बिरकत लेवानाचं (नव्या चंद्राची प्रार्थना)? आपण चंद्राला सात दिवस झाल्यावर म्हणतो, म्हणजे २७ च्या रात्री शब्बाथ सुटल्यावर. मागच्या हिवाळ्यात ढगांनी चंद्र दिसलाच नाही, आम्ही अंगणात स्वेटर घालून तास उभे. यंदा पहिल्या निरभ्र रात्री लगेच फोन फिरवा.

प्रेषक: सेक्रेटरी, दिमोना
मावशी, बेर शेवाच्या ताई, दोन्ही ठरलं. आता सेफेरचं. मोरोक्कन मशिदीत मी आणि मुकादम दोघं जाऊन आलो, त्यांच्या गब्बाईंनी (व्यवस्थापकांनी) चहा पाजला आणि हो म्हणाले. मुकादमांनीच टेबलाचं माप घेतलं, उशी पुरते. गुरुवारी १८ ला संध्याकाळी आणायचा, शुक्रवारची धावपळ नको, त्या दिवशी हानुक्काचे दिवे शब्बाथच्या दिव्यांआधी लावायचे असतात आणि सूर्य लवकर मावळतो. शब्बाथला तो तिसरा सेफेर म्हणून, रविवारी रोश होदेशला दोनातला एक म्हणून, सोमवारी हानुक्काच्या शेवटच्या दिवशी, अशी तीन वाचनं होतात.
पण रविवार-सोमवार कामाचे दिवस, सकाळी सहाला मिन्यान (दहा पुरुष) जमला तरच वाचता येईल. रविवारसाठी सात नावं आलीत, सोमवारसाठी चार. बाकीच्यांनी आज रात्रीपर्यंत कळवा, आणि गुरुवारी गाडी कोण आणतंय तेही.