बुधाला 'मृत ग्रह' म्हणणं बंद करायला हवं

पंचवटीकर:
काल भाचीचा भूगोल घेत होतो, वहीत लिहिलेलं 'बुध मृत ग्रह आहे', म्हणजे आतून काहीच हालचाल नसलेला, मला हे अजिबात पटत नाही. बुधावर डिस्कव्हरी रुपीस नावाचा कडा आहे, साधारण ६५० किमी लांब, म्हणजे नाशिकहून निघून पार नागपूरकडे, आणि उंची काही ठिकाणी दीड-दोन किमी. हा सरळसरळ फॉल्ट आहे, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग. आतला लोखंडी गाभा थंड होत गेला, ग्रह आकसला, वरच्या कवचाला जागा पुरेना. मेसेंजर यानाच्या फोटोंवरून २०१४ ला हिशोब लावला तर त्रिज्या ७ किमीपर्यंत कमी झालेली निघाली. द्राक्षाचा बेदाणा होतो ना, तसंच.

कॉलेजरोडवाला:
पण हे आकसणं सुरू झालं अब्जावधी वर्षांपूर्वी. आज तिथे पृथ्वीसारख्या सरकणाऱ्या कवचाच्या प्लेटा नाहीत, ज्वालामुखी नाहीत, भूकंपमापक कधी उतरलाच नाही त्यामुळे एकही धक्का नोंदलेला नाही. जुन्या जखमेचा व्रण बघून माणूस जिवंत आहे म्हणायचं का?

पिंपळगावचा बागायतदार:
बेदाण्याचं उदाहरण चुकतंय दादा. शेडमध्ये रोज बघतो, मण्याची साल मऊ असते, ती दुमडते. खडक तुटतो आणि एक बाजू दुसरीवर चढते. तो कडा रामो नावाच्या विवरातून गेलाय, त्याचा फोटो मोठा करून बघा, गोल काठ कड्यापाशी तुटून सरकलाय.

पंचवटीकर:
बरोबर, बेदाणा मागे घेतो. पण कॉलेजरोडवाले, प्लेटा तर मंगळावरही नाहीत, तरी तिथे उतरलेल्या नासाच्या इनसाइट यानाने चार वर्षांत १३०० च्या वर धक्के पकडले, ४ मे २०२२ चा तर ४.७ तीव्रतेचा होता. आणि बुधावर मेसेंजर शेवटी खूप खाली आलं तेव्हा अगदी बारके कडे दिसले, काही दहा-वीस मीटर उंचीचे, उल्कांच्या माऱ्यात एवढी छोटी खूण फार टिकत नाही, म्हणजे ती ताजीच.

कॉलेजरोडवाला:
ताजी म्हणजे तरी पाच कोटी वर्षांच्या आतली! आणि ४.७ चे धक्के पृथ्वीवर वर्षाला हजारोंनी होतात. बुधावर यंत्र उतरून एक धक्का नोंदवू दे, त्या दिवशी मी शब्द बदलतो.

पंचवटीकर:
साडेचारशे कोटींच्या ग्रहाला पाच कोटी म्हणजे परवाची गोष्ट हो. भाचीला 'मृत' खोडायला लावलं, 'अजून आकसणारा' लिहिलंय तिने.