खोगिराच्या पट्ट्याची हातशिवण : दोरा कोणता, टाके कसे?

प्रश्न | किनाऱ्यावरचा

अलिबागजवळच्या किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवण्याचा आमचा व्यवसाय आहे. एका जुन्या इंग्रजी पद्धतीच्या खोगिराला तंगाचे (घोड्याच्या पोटाखालून आवळायच्या पट्ट्याचे) बक्कल ज्या पट्ट्यांत अडकते, त्यांपैकी पहिल्या पट्ट्याची शिवण वरच्या टोकाशी उसवली आहे. बाजारात मशीनवर शिवून घेतली, परंतु टाके लवकरच सैल पडले. चामडे वरून चांगले दिसते. हाताने शिवायचे झाल्यास दोरा कोणता घ्यावा, टाके किती अंतरावर घालावेत आणि जुनी भोके वापरावीत की नवी पाडावीत?

उत्तर | रापीआरी

शिवणीआधी चामड्याची परीक्षा करावी. गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून पट्टा बोटाभोवती वाकवा. बारीक चिरा उमटल्या किंवा भोकांची रांग उघडू लागली, तर दोरा कितीही मजबूत असला तरी उपयोग नाही, पट्टाच नवा घालावा.

मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे चामड्याच्या आत एकमेकांत अडकतात. एक घासून तुटला की दुसऱ्याला धरायला काही उरत नाही आणि शिवण उसवत जाते. हातशिवणीत एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया असतात व प्रत्येक भोकातून त्या समोरासमोरून जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे टाके जागा सोडत नाहीत.

दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट घ्यावा, थर जाड असल्यास थोडा अधिक, आणि त्याला मधमाशांचे मेण चोळावे. इंचाला सहा-सात टाके पुरतात. त्याहून दाट घातल्यास भोकांनीच चामडे कमकुवत होते. जुनी भोके शाबूत असतील तर त्यांतूनच शिवावे, त्यांच्या मधोमध नवी पाडू नयेत. नवीन पट्ट्यावर मात्र शंकरपाळ्याच्या आकाराच्या पात्याची आरी (चामड्याला भोके पाडायची टोचणी) तिरकी धरून एकेक भोक पाडावे. दुसरी सुई घालताना ती भोकातल्या पहिल्या दोऱ्यात रुतू देऊ नये, रुतली तर टाका ओढला जात नाही. मग दोन्ही हातांनी सारख्याच जोराने ताणावे. शेवटी दोन-तीन टाके उलट मागे घेऊन दोरा कापावा आणि शिवण हातोडीने हलकेच बसवावी.

उत्तर | लगामवाला

वरील पद्धतीशी सहमत आहे, पण आपण नवार, म्हणजे आतली जाड विणलेली पट्टी, तपासली का? हे पट्टे खोगिराच्या आत नवारीवर शिवलेले असतात. बहुधा पहिला पट्टा स्वतंत्र नवारीवर आणि दुसरा-तिसरा मिळून दुसऱ्या नवारीवर असतो, म्हणूनच तंग बांधताना पहिला आणि उरलेल्या दोघांपैकी एक असे पट्टे वापरतात. एक नवार तुटली तरी खोगीर सटकत नाही. नवार कुजली असेल तर तीवर नवा पट्टा शिवणे व्यर्थ आहे.

उत्तर | खाडीपलीकडे

आपल्या किनाऱ्यावर दोरा निवडताना खाऱ्या हवेचा विचार हवा. चामड्यात मुरलेले मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, पट्टा आतून नीट सुकत नाही आणि पावसाळ्यात सुती दोरा कुजतो. लिननचा दोरा उत्तम, पण तोही ओलाव्याने हळूहळू कुजतो. त्यामुळे लाटांत चालणाऱ्या घोड्याच्या खोगिराला मी पॉलिएस्टरचा मेणवलेला दोरा घेतो. तो मात्र फार आवळू नये, बारीक दोरा मऊ चामडे कापतो. लोखंडी बकले गंजून शेजारचा दोरा व चामडे दोन्ही खातात, म्हणून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची बसवावीत.

उत्तर | रापीआरी

पॉलिएस्टरला माझी हरकत नाही, जाडी नीट निवडली म्हणजे झाले. दिवसअखेर पट्टे गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावेत. खोबरेल हाताशी असते म्हणून पट्टे त्यात भिजवण्याची आपल्याकडे सवय आहे. तेल फार झाले की चामडे मऊ पडून ताणते आणि टाक्यांची भोके लांबट होतात.

प्रश्नकर्ता | किनाऱ्यावरचा

नवार पाहिली, पहिल्या पट्ट्याखालची टोकाशी काळी पडून बोटाने तुटते आहे. आता नवार व पट्टा दोन्ही बदलतो, आणि तोवर हे खोगीर कोणालाही देणार नाही.