आठवडी बाजारात जास्त धोका कशाचा: गुपचुपचा (पाणीपुरीचा) की आलूबोंड्याचा (बटाटेवड्याचा)?

वैनगंगाकाठ
बाजारातून आल्यावर कोणाचं पोट बिघडलं की नाव गुपचुपचंच निघतं. माझ्या मते खरा गुन्हेगार आलूबोंडा. मसाला सकाळी सहाला तयार होतो आणि त्याच घमेल्यातून दुपारी तीनपर्यंत बोंडे सुटत राहतात. मे महिन्यात ताडपत्रीखाली पारा ४२-४३ असतो. जंतूंना आणखी काय पाहिजे? तेल १८० अंशांवर असलं तरी तीन-चार मिनिटांत बेसन लाल होतं आणि बोंडा झाऱ्यावर येतो. मुठीएवढ्या बोंड्याचा गाभा तेवढ्यात जंतू मरण्याइतका, म्हणजे ७५ अंशांना, पोचेल याची खात्री नाही. शिवाय वळणाऱ्याच्या बोटाला चिघळलेली चीर असेल तर स्टॅफिलोकॉकस जंतू मसाल्यातच विष करून ठेवतो, आणि ते विष उकळूनही जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या लागल्या तर आधी बोंडा आठवा.

नमुना_बाटली
साफ असहमत. ही उलटी बहुतेकांची दिवसभरात उतरते. टायफॉइड महिनाभर झोपवतो, कावीळही तशीच. टायफॉइड दिसायला एक ते तीन आठवडे, हिपॅटायटिस ए म्हणजे या काविळीला दोन ते सहा. तोवर कोणत्या बाजारात गुपचुप खाल्लं हे कोणाला आठवतं? म्हणून तर बोंडा बदनाम होतो आणि गुपचुप सुटतं. हात मनगटापर्यंत मडक्यात जातो, तेच पाणी पुढच्या शंभर जणांना. चिंचेच्या आंबटानं जंतू मरतात हीही भाबडी समजूत. वाढ मंदावते, पण काही तास ते तग धरतात, आणि काविळीचा विषाणू तर आंबटाला जुमानत नाही.

ठेलेवाल्यांच्या_बाजूनं
दोघंही ठेला चालवून पाहा भाऊ. गरम मसाल्याचा बोंडा कढईत फुटते, वाफेनं बेसन सुटते, तेल खराब होते. म्हणून मसाला गार करा लागते. आता ४३ डिग्रीत तो गार कुठं करावा? शिजवलेलं गार करून ठेवा हा पुस्तकातला नियम थंड देशातला आहे.

वैनगंगाकाठ
मुद्दा बरोबर. म्हणूनच गार करून साठवायच्या भानगडीत पडू नये. बटाटे एकदम न उकडता दोन-तीनदा उकडा. फोडणीचा मसाला दर वेळी दोन किलोचाच, परातीत दोन बोटं जाड पसरून. वाफ जाईपर्यंत वर झाकण नको. तासाभरात संपेल एवढाच करा. चार तासांपुढे उरला तर फेकायचा, पुन्हा परतून उपयोग नाही. पोह्यांवर ओततात त्या तर्रीची, म्हणजे झणझणीत रश्श्याची गोष्ट वेगळी, ती भट्टीवर रटरटत असते. पोह्यांचं मात्र बघा: बॅसिलस सिरीयस या जंतूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात. पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर असेल तर ठीक. नुसत्या ओल्या फडक्याखाली कोमट पडलेले पोहे दुपारी घेऊ नका.

नमुना_बाटली
गुपचुपवाल्यासाठी: १००० लिटरला ५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे २०० लिटरच्या ड्रमला १ ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात कालवायची, निवळी ड्रममध्ये ओतायची, साका टाकून द्यायचा. अर्धा तास थांबायचं. पुदिना-चिंच त्यानंतरच, आधी टाकली तर क्लोरीन त्यांच्यातच खर्ची पडतो. उघड्या पुडीतली जुनी पावडर निव्वळ चुना असते. हाताऐवजी लांब दांड्याची पळी वापरायची. आणि बर्फ निळा दिसला तर तो खायचा नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळा रंग घालायचा नियम आहे. मासळीवाल्याकडचा बर्फ गोळ्यात यायला नको.

ठेलेवाल्यांच्या_बाजूनं
पळीनं गुपचुप बुडवलं तर अर्धं गिऱ्हाईक पळते, हे लिहून ठेवा. खाली नळ बसवलेलं मडकं मात्र चालते. पण तुमी दोघायनंही बादली सोडली! प्लेटा एकाच बादलीत बुचकळतात, मंग त्याच फडक्यानं पुसतात जे गाड्यावर फिरते. तीन बादल्या लागतात: घासायची, खंगाळायची आणि तिसरीत १० लिटरला ३ ग्रॅम पावडर, प्लेट दोन मिनिटं बुडलेली. पुसायचं नाही, उभी करून वाळू द्यायची. पाणी नसन तर पळसाच्या पानाचा द्रोण बरा, रद्दी पेपर नाही. त्याची शाई तेलात उतरते.

नमुना_बाटली
बादलीवर एकमत. गुपचुपवर नाही.