पूर आला की शहराच्या पोटाचं काय? घरातला डबा की गल्लीतली चूल?

रंकाळावेस (धागाकर्ता)

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज पाण्याचा नसतो, ब्रेडचा असतो. कुठल्या दुकानात शिल्लक आहे, दूध कितीपर्यंत मिळेल, बटाटे जास्तीचे आणू का. ४३ फुटांची धोका पातळी यायच्या आत मॅगीच्या रॅक रिकाम्या झालेल्या असतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेला आणि जवळपास आठवडाभर बंद राहिला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच, काही दिवस का असेना. दोन्ही वेळा कोल्हापूर शहराचा बराच भाग कोरडा होता. राजारामपुरीत पाणी नव्हतं, कळंब्याकडे नव्हतं. तरी तिथली माणसं भाजीला, दुधाला, पेट्रोलला रांगा लावून उभी. म्हणजे धान्य वाहून गेलं म्हणून टंचाई झाली नाही, गाडी येईना म्हणून झाली.

आपल्या आया-आज्या उन्हाळ्यात वर्षाचं भरून ठेवायच्या. मी वर्षाचं म्हणत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दहा दिवसांचं कोरडं सामान घरात असावं: तांदूळ, मुगाची डाळ, पोहे, शेंगदाणे, गूळ, दूध पावडर. वापरत राहायचं, भरत राहायचं. ज्याच्या घरात पाणी शिरलेलं नाही, खिशात पैसे आहेत, त्यानं पुराच्या दुसऱ्या दिवशी दुकानासमोर उभं राहून शेवटची चार पाकिटं उचलणं मला निर्लज्जपणा वाटतो. कडक शब्द आहे, पण ठेवतोय.

तळमजला_शाहूपुरी

वा. आता आमचं ऐका.

२०१९ ला आमच्या घरात सगळं भरलेलं होतं. आईनं मे महिन्यात गहू निवडून, एरंडेल चोळून पत्र्याच्या कोठीत भरला होता. डाळी वेगळ्या, तांदूळ वेगळा. पाणी यायला लागलं तेव्हा कोठी उचलून माळ्यावर ठेवणं दोघांच्या बापाला जमलं नसतं. परत आलो तेव्हा गहू फुगून त्यानं कोठीचं झाकण आतून वर उचललं होतं, आणि आंबल्याचा वास दारातच येत होता. तो गहू बादलीनं काढून टाकायचं काम कुणाला करावं लागलं नसेल तर त्यानं साठ्यावर प्रवचन देऊ नये.

आणखी एक. भरलेलं घर सोडवत नाही. 'एवढं सामान टाकून कुठं जायचं' म्हणत माणसं थांबतात आणि मग बोटीनं काढावी लागतात. पूरपट्ट्यात राहणाऱ्याला दहा दिवसांचा साठा सांगू नका. दोन दिवसांची पिशवी सांगा, खांद्याला लावून निघता येईल अशी.

हळदबाजार

सांगलीकर आहे. दोघांचंही ऐकलं, पण मुख्य गोष्ट राहिलीच. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, सामान सगळं कोरडं. डब्यात भरपूर गहू. पण वीज बंद, त्यामुळे गिरण बंद. दळून आणलेलं पीठ दोन दिवसांत संपलं. मग गव्हाकडे बघत बसलो. शेवटी आजीनं भिजवून शिजवून गूळ घालून दिला. पहिल्या दिवशी मुलांना गंमत वाटली, दुसऱ्या दिवशी ताट सरकवलं.

आणि पाणी! पुरात पाणीच मिळत नाही हे बाहेरच्याला खरं वाटत नाही. नदीकाठचं जॅकवेल, म्हणजे नळाला पाणी उचलणारी विहीर, बुडालं की नळ कोरडा. तांदूळ धुवायला, डाळ शिजवायला, भांडी घासायला पाणी लागतं. तेव्हा कळतं की भडंग हे किती शहाणं खाणं आहे. शिजवायला नको, धुवायला नको, आठ-पंधरा दिवस काही होत नाही. साठा करायचाच तर चुलीशिवाय चालेल असा करा.

गोडाचा_शिरा

सांगलीकरांनी पुरातसुद्धा भडंगाची जाहिरात केली. मानलं.

लक्ष्मीपुरीतला

माझं किराणा दुकान आहे, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. आधी माहिती देतो, मग बोला.

धान्य, डाळ, साखर, तेल हा माल आमच्या धान्य लायनीत, म्हणजे धान्याच्या बाजारात, दोन-तीन आठवड्यांचा तरी असतो. तो चार दिवसांत संपत नाही. संपतं ते रोज येणारं: पाव, दूध, अंडी, भाजी. भाजीत तर गंमत अशी की ती लांबून यायची नाही म्हणूनच नव्हे, जवळची बुडते म्हणूनही संपते. शिरोळ, हातकणंगले, करवीरमधल्या नदीकाठच्या मळ्यांवर आपलं रोजचं भागतं आणि पहिलं पाणी तिथंच. दुधाचं उलटं. गावात म्हैस दूध देतच असते, पण संकलनाची गाडी फिरत नाही. शहरात चहाला दूध नाही आणि गावात घागरी भरलेल्या.

२०१९ ला उत्तरेला शिरोली बंद आणि दक्षिणेला निपाणीजवळ यमगर्णीचा पूल बंद. गगनबावड्याचा रस्ता तर दरवर्षी मांडुकलीला पाण्यात असतोच. मग माल आणायचा कुठनं, हेलिकॉप्टरनं?

भाव वाढवले का? वाढवले. आडवाटेनं फिरून आलेल्या गाडीचं भाडं दुप्पट, वाटेत निम्मा टोमॅटो सडलेला, तो भाव मी माझ्या खिशातनं भरू? पण साखर-तेलाचे वाढवले नाहीत, कारण जुना माल होता. ज्यांनी जुन्या मालावर वाढवले त्यांना मी व्यापारी म्हणत नाही.

आणि रंकाळावेस म्हणतात ते निम्मं खरं आहे. सकाळी आठला कारवाले येतात, तीन-तीन पोती उचलतात. हमाल, मोलकरीण, रिक्षावाला संध्याकाळी दिवसाची कमाई घेऊन येतो. त्याला पावशेर तेल आणि अर्धा किलो तांदूळ पाहिजे असतो. सकाळीच फडशा पडलेला. म्हणून तिसऱ्या दिवसापासून मी माणशी बांधून दिलं. कारवाल्यांनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही.

वहीफणी_इचल

'दहा दिवसांचं सामान भरून ठेवा' हे वाक्य पगार महिन्याला मिळणारा माणूसच लिहू शकतो.

इचलकरंजीत यंत्रमागावर आठवड्याला हिशेब होतो. कामगाराचं सामान आठवड्याचंच असतं आणि पुरात माग बंद पडले की पुढचा आठवडा कोरा. त्यातले कितीतरी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे. एका खोलीत सहा जण, एक स्टोव्ह. ठेवतील कुठं?

आता म्हणाल रेशन आहे. शहरात अन्न सुरक्षेच्या यादीत बसायला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत हवं. महिन्याला पाच हजार मिळवले की तुम्ही बाहेर. कार्ड आहे तर दुकानातल्या मशीनला अंगठा लागतो, मशीनला रेंज लागते, आणि पुरात रेंज कुठली? २०१९ ला सरकारनं दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ जाहीर केला तेव्हा आदेशात घर दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असल्याची अट होती. दीड दिवस बुडालेल्या घरातलं धान्य सुकं राहतं वाटतं! त्यात मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो. ओरड झाली तेव्हा कुठं थोडी लाज वाटली.

म्हणून माझं मत: घराघरातला साठा ही ज्याची त्याची सोय झाली. शहराची सोय म्हणजे प्रत्येक प्रभागात जागा, भांडी, सिलेंडर, तांदूळ आणि आचारी आधीच ठरवलेलं स्वयंपाकघर.

पेठेतला

वहीफणीभाऊ, तुमचं स्वयंपाकघर आधीपासनंच हाय की. पेठेतली तालीम, म्हंजे तालीम मंडळ, म्हणत्यात त्याला.

२०१९ ला आमच्या तालमीत सकाळ-रात्र भात-आमटी व्हायची. गणपतीचीच भांडी, महाप्रसादाचाच आचारी. शाळेत आणून ठेवलेल्या लोकांना, चिखलीकडनं आलेल्यांना, बंदोबस्ताच्या पोलिसांना तिथनंच जायचं. सरकारचा माणूस यादी घेऊन यायच्या आधी दोन पंगती उठल्या हुत्या.

पण अडचण काय झाली ते सांगतो, कारण पेपरात ते आलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासनं बाहेरनं मदत यायला लागली. चपात्या. पोत्यानं चपात्या. बिचाऱ्या बायकांनी रात्र-रात्र जागून लाटलेल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम असताना भरल्याल्या. आमच्यापतुर येईस्तोवर त्यांचा लगदा, वर हिरवी बुरशी. फेकताना जीव तुटायचा. आमाला पाहिजे हुतं चहा पावडर, मीठ, तेल, गॅस, मेणबत्त्या. फोनवर सांगायचं तर समोरचा म्हणायचा, गाडी निघाली बी. आणि हायवेच्या तोंडाला जे गाव त्याला धा गाड्या, आत वाडीवर एक बी न्हाई.

रंकाळावेस दादा, तुमच्या सोसायटीतनं किती जण पंगतीत वाढायला आले हुते? डब्याचं नंतर बघू.

योकोहामाचा_पाहुणा

जपानमध्ये राहतो, मूळचा मिरजेचा. साठ्याच्या बाजूनं इथला दाखला नेहमी दिला जातो म्हणून लिहितोय.

इथं सरकारच सांगतं, घरात किमान तीन दिवसांचं आणि शक्य असेल तर आठवड्याचं अन्न-पाणी ठेवा. लोक ठेवतातही. रोजचंच थोडं जास्त आणायचं, जुनं आधी खायचं, तेवढं भरायचं. रंकाळावेस म्हणतात तीच रीत.

तरी ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर टोकियोतल्या दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. पाव, कपातले नूडल्स, बाटलीतलं पाणी. टोकियो काही त्सुनामीत बुडालं नव्हतं! मग त्याच महिन्यात नळाच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन सापडलं, तान्ह्या बाळांना ते पाणी देऊ नका असं सांगितलं आणि बाटल्यांवर पुन्हा झुंबड. ऑगस्ट २०२४ मध्ये तर ज्याची भीती तो महाभूकंप झालाही नव्हता. नानकाई या समुद्राखालच्या भूकंप पट्ट्यात तो होण्याची शक्यता वाढल्याची सूचना निघाली, आणि आधीच कमी असलेला तांदूळ दुकानांतून पार गायब.

म्हणजे सवय असलेल्या देशातही भीतीची खरेदी थांबत नाही. फरक एवढाच, की ज्यांच्या घरात आहे ते दोन दिवस थांबू शकतात. आणि हो, इथंही साठा करणाऱ्याचं घर मोठं असतं. एका खोलीत राहणारा विद्यार्थी कोपऱ्यावरच्या दुकानावरच जगतो.

रंकाळावेस

पेठेतला, सोसायटीतून तिघं आले होते. त्यातला एक मी नव्हतो, ते बरोबर ओळखलंत.

पण माझा मुद्दा मुद्दाम गरिबाच्या खोलीत नेऊन पाडू नका. मी यंत्रमाग कामगाराला सांगितलेलं नाही. ज्याच्या स्वयंपाकघरात ट्रॉल्या आहेत, दोन फ्रिज आहेत आणि तांदूळ मात्र दोन किलोचा, कारण 'ॲपवर दहा मिनिटांत येतं', त्याला सांगतोय. त्या ॲपचं गोदाम म्हणजे एक गाळा. रोज भरला तर चालतो. शिरोली बंद झाली की ॲप आणि कोपऱ्यावरचं दुकान एकाच वेळी रिकामं, फरक एवढाच की दुकानदार माणशी बांधून देतो आणि ॲप ज्याचं बोट आधी पडेल त्याला देतं. लक्ष्मीपुरीतल्यांनीच लिहिलंय सकाळी आठला कोण येतं ते. हा माणूस रांगेतून बाजूला झाला तर संध्याकाळच्या हमालाला तेल मिळेल. एवढं साधं आहे.

तळमजला_शाहूपुरी

साधं आहे तर जूनमध्ये करा. तुमचं लिखाण जुलैत आलं की अर्धी सोसायटी ते वाचून त्याच दिवशी पोती उचलायला जाईल. साठा आणि साठेबाजी यात फक्त तारखेचा फरक आहे.

हळदबाजार

वरचं वाक्य फ्रिजवर चिकटवण्यासारखं आहे.

वहीफणी_इचल

सगळे पोटावर बोलताय, रस्त्यावर कोण बोलणार? शिरोलीच्या पट्ट्यात भराव टाकून रस्ता उंच केला तर गाड्या चालतील, पण पाणी अडून वरची गावं आणि शहर जास्त बुडेल. लोक मागणी करतायत की भराव नको, पिलरवरचा पूल करा, पाणी खालून जाऊ दे. तो झाला तर निम्मी टंचाई तिथंच मिटते. घराघरात डबे भरण्यापेक्षा त्या मागणीवर सह्या केल्या तर?

लक्ष्मीपुरीतला

सही करतो. पण पूल होईपर्यंत किती पावसाळे जातील ते तुम्हालाही ठाऊक आहे.

तोवर एक करू. पेठेतला, तुमच्या तालमीनं मेच्या शेवटी यादी घेऊन या. तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, चहा पावडर, जे लागेल ते. पोती माझ्या वरच्या माळ्यावर तुमच्या नावानं बाजूला ठेवतो. पूर आला तर उचला, पैसे गणपतीच्या वर्गणीतून द्या. नाही आला तर ऑगस्टअखेर मी माल विकायला काढतो, तुम्हाला एक रुपया पडणार नाही. दर मात्र उचलाल त्या दिवशीचा.

पेठेतला

दर मेचा लावा, यादी उद्या आणतो.

लक्ष्मीपुरीतला

साखर-तेलाचा मेचा. डाळीचं दुकानात या, बोलू.