पुरात पार्किंगमध्ये आलेली मगर कुठल्या परिसंस्थेतली?

समाची आई
आम्ही बडोद्याला समा भागात राहतो, विश्वामित्री घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर. लेक अकरावी सायन्सला आहे आणि प्रकल्पासाठी तिने नदीच निवडली आहे. इंग्रजी माध्यम, त्यामुळे पॉप्युलेशन, कम्युनिटी, इकोसिस्टिम सगळं घोकून पाठ आहे. पण काल रात्री जेवताना विचारते, "आई, ऑगस्ट २०२४ च्या पुरात आपल्या पार्किंगमध्ये मगर आली होती ना, ती तेव्हा नदीच्या इकोसिस्टिममध्ये होती की सोसायटीच्या?" मला सांगता आलं नाही. दुसरी शंका अशी, की अन्नाच्या पिरॅमिडमध्ये (खाली वनस्पती, वर त्यांना खाणारे, त्यांच्या वर शिकारी) वर जावं तसे प्राणी कमी होतात म्हणे. मग एवढ्याशा नदीत इतक्या मगरी कशा?

दांडियाबाजारच्या बाई
ताई, मी ३१ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. असा प्रश्न वर्गात आला की मी पुस्तक मिटून ठेवायचे. लेकीला माझा आशीर्वाद सांगा.

आधी पायऱ्या. पार्किंगमधली ती मगर म्हणजे एक जीव. विश्वामित्रीतल्या सगळ्या मगरी मिळून समष्टी, म्हणजे तिचं पॉप्युलेशन. पण एकाच जातीच्या आणि आपसात वीण होणाऱ्या, म्हणूनच. मुलं यात मासेही घालतात, तिथे गुण जातात. मगरी, मासे, कासवं, बगळे, काठच्या बाभळी, चिखलातले जिवाणू, हे सगळे एकत्र धरले की जीवसमुदाय, म्हणजे कम्युनिटी झाली. त्यात अजून पाणी, ऊन, माती नाही. ती मिळवली की परिसंस्था, म्हणजे इकोसिस्टिम. १९३५ साली आर्थर टॅन्सली यांनी हा शब्द आणला तो एवढ्यासाठीच, की निर्जीव भाग बाजूला काढला तर सजीवांचं काही उलगडत नाही.

मगरीचंच बघा. मादी उन्हाळ्याच्या तोंडाशी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, पिल्लं पावसाच्या सुमारास बाहेर येतात. नर होणार की मादी हे ठरवणारी गुणसूत्रं मगरीत नसतात, ते खड्ड्यातल्या तापमानावर ठरतं. म्हणजे काठाची माती आणि ऊन पुढच्या पिढीत नर किती, माद्या किती हे ठरवतात. काठ सिमेंटने बांधून काढले तर अंडी घालायला जागाच उरत नाही. प्रकल्पात हे नक्की लिहायला सांगा.

आता पार्किंग. परिसंस्थेला कुंपण नसतं, अभ्यास करणारा आपल्या प्रश्नापुरती हद्द आखतो. पावागडाच्या बाजूने पाणी आलं की विश्वामित्री पसरते, आणि ते जिथवर पसरतं तो सखल भाग पूरमैदान म्हणून नदीच्याच परिसंस्थेत धरतात. म्हणजे पुरात तुमचं पार्किंग नदीतच होतं.

पिरॅमिडचा नियम खोटा नाही. एका पातळीवरून वरच्या पातळीला साधारण १० टक्के ऊर्जा पोचते, १९४२ मध्ये रेमंड लिंडमन यांनी ही ऊर्जेची मांडणी केली. पण मगर थंड रक्ताची आहे. वाघासारखं अंग गरम ठेवायला तिला तेवढं खावं लागत नाही, ऊन खाऊन भागतं. म्हणून तेवढ्याच अन्नात जास्त मगरी तग धरतात. शिवाय या नदीचं सगळं अन्न नदीत तयार होत नाही. शहरातलं सांडपाणी, टाकलेलं उष्टं, मेलेली जनावरं बाहेरून येतात. लेकीने पिरॅमिड काढताना बाजूने एक बाण शहराकडून आत काढावा.

मांजलपूरकर
बाई, राग मानू नका, पण नदी कुठे उरलीय? गटार झालंय. त्याला परिसंस्था म्हणायचं?

दांडियाबाजारच्या बाई
म्हणायचं, आणि दुःखाने म्हणायचं. सांडपाणी कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. मग साध्या कल्ल्यांचे मासे गुदमरतात. मागूर, मरळ असे वर येऊन हवा घेणारे टिकतात. मगरही फुप्फुसाने श्वास घेते. त्यामुळे मगर दिसली म्हणजे पाणी चांगलं, असं समजू नये. परिसंस्था आहे, पण तिच्यातली बरीच मंडळी निघून गेली आहेत.

डभोईचा पक्षीवेडा
हद्दीबद्दल थोडं. आमच्या वढवाणा तलावावर (१९१० चा, बडोदे संस्थानाने सिंचनासाठी बांधलेला, २०२१ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) हिवाळ्यात पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस) येतात. त्यांची वीण मध्य आशियात, हिमालयाच्या पलीकडे. तिथली पाणथळ आटली तर इथे थवा लहान होतो. मग या तलावाची हद्द कुठे आखायची? गेली नऊ वर्षं दर हिवाळ्यात मी त्यांना मोजतो आणि दरवेळी हेच मनात येतं.

समाची आई
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने रात्रीच बाण काढला, लाल पेनने. आता चार रविवार पुलावरून मगरी मोजायच्या ठरवल्या आहेत. मी बरोबर जाणार, काठावर उतरू देणार नाही. सकाळी किती वाजता जावं?

दांडियाबाजारच्या बाई
थंडीत ऊन वर आल्यावर, नऊच्या पुढे. तेव्हा त्या काठावर पसरलेल्या असतात. लहान-मोठ्या वेगळ्या मोजा, आणि त्या दिवशीचं तापमान वहीत लिहून ठेवा.